अंबाडीच्या वाटेवरचा चकवा

दोस्तांनो, अंबाडी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? आंबटगोड पालेभाजी, वर लसणाची फोडणी आणि सोबत भाकरी! पण आज आपण निघालोय ती अंबाडी ताटातली नव्हे, नकाशातली. ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडी तालुक्यात या नावाचं गाव आहे. भिवंडीहून वाड्याकडे जाणारा रस्ता धरायचा. आधी यंत्रमागांची खडखड कानांवर येते, मग गोदामांच्या रांगा लागतात. त्या मागे पडल्या की भाताची खाचरं, वीटभट्ट्या, ताडाची झाडं आणि लांबवर डोंगरांच्या निळसर रेषा दिसू लागतात. तेवढ्यात कंडक्टर ओरडतो, "अंबाडी नाकाऽऽ!"

नाक्यावर उतरा. सरळ गेलात तर वाडा. डावीकडे वळलात तर वज्रेश्वरी, गणेशपुरी आणि पुढे वसई-विरारची वाट. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा वाडा तालुका तिकडे गेला आणि भिवंडी तालुका ठाण्यातच राहिला. म्हणजे अंबाडी तशी जिल्ह्याच्या वेशीजवळची. आणि वेस म्हटली की आपल्याकडे काय आलं? बरोबर ओळखलंत. भुतं आली!

घाबरू नका. आपण भुतं पकडायला आलेलो नाही, भुतांच्या गोष्टी पकडायला आलोय. या भागात वारली, कातकरी, मल्हार कोळी अशा आदिवासींचे पाडे आहेत, कुणबी आणि आगरी लोकांची गावं आहेत. रात्री अंगणात बसून सांगायच्या गोष्टींची इथे कधी वाण नव्हती. आणि गंमत अशी, की इथून सुमारे साडेसात हजार किलोमीटर दूर, युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंड नावाचं हिरवंगार, पावसाळी बेट आहे. तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी शेकोटीपाशी बसून सांगितलेल्या गोष्टी ऐकल्या, तर वाटावं की ही मंडळी कधी आपल्या कोकणात राहून गेली की काय! चला तर, एक पाय अंबाडीत आणि एक पाय आयर्लंडमध्ये ठेवून थोडं भटकू या.

चकवा लागला!

अंधार पडलाय. तुम्ही नाक्यावरून पाड्याकडे पायवाटेनं निघालाय. वाट रोजचीच. पण चालता चालता तेच ताडाचं झाड पुन्हा समोर येतं. परत चालता. परत तेच झाड! आता एखादी आजी तुम्हाला सांगेल, "पोरा, तुला चकवा लागला."

चकवा हे फार काही दुष्ट भूत नाही. तो मारत नाही, खात नाही. नुसता वाट चुकवतो, गोल गोल फिरवतो. त्यावर जाणत्यांचा उपाय साधा आहे. धावायचं नाही, घाबरायचं नाही. जिथे आहोत तिथेच बसायचं आणि उजाडू द्यायचं.

आता आयर्लंडला या. तिथले शेतकरी सांगत, की कुरणात एखादा हिरवळीचा तुकडा 'भुलवणारा' असतो. त्यावर पाय पडला, की स्वतःच्याच शेतातून बाहेर पडायची वाट सापडत नाही. रोजचं फाटक दिसेनासं होतं. त्यावर त्यांचा उपाय कोणता माहीत आहे? अंगातला कोट काढायचा, उलटा करायचा आणि पुन्हा घालायचा! की सुटली भूल.

तुम्ही म्हणाल, दोन्हीकडे एकच भूत कसं पोचलं? ते कुठूनच पोचलं नाही. ते आपल्या डोक्यातच आहे. २००९ साली जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही माणसांना एका मोठ्या जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालत जायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आलं किंवा चंद्र मावळला, की ती वळत वळत जाऊ लागली. काही जण तर स्वतःच्याच पावलांच्या वाटेवर परत आले आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता! डोळे बांधून चालवलेली माणसं तर कधी कधी जेमतेम वीस मीटर रुंदीच्या वर्तुळात फिरली. दिशा दाखवणारी खूण डोळ्यांसमोर नसली, की चालताना थोडी थोडी चूक साठत जाते आणि आपण गोल फिरतो.

म्हणजे चकव्याचा अनुभव खोटा नव्हता, बरं का. माणसं खरंच गोल फिरली होती. फक्त त्याचं कारण त्यांना ठाऊक नव्हतं. आणि उपाय पाहा, किती शहाणपणाचा! एका जागी बसा, उजाडायची वाट पाहा. कोट उलटा करायचा तर त्यासाठी आधी थांबावंच लागतं. थांबलं की घाबरलेलं डोकं शांत होतं. अंधारात धावत सुटलेला माणूस विहिरीत पडतो, बसलेला पडत नाही.

पाण्यातला गिऱ्हा

अंबाडीहून वज्रेश्वरीकडे गेलात की तानसा नदी भेटते. शहापूरच्या जंगलातून येणारी ही नदी पुढे वैतरणेला मिळते. तिच्यावर वरच्या अंगाला १८९२ साली धरण बांधलं आणि तानसा तलावाचं पाणी नळांनी मुंबईला जाऊ लागलं. मुंबईत राहणाऱ्या दोस्तांनो, तुमच्या माठात या जंगलातलं पाणी असू शकतं!

अशा नद्यांना डोह असतात. वरून शांत, आत खोल. कोकणात म्हणतात, डोहात गिऱ्हा राहतो. बुडून मेलेल्या माणसाचं ते भूत. कडेला आलेल्याला हाक मारतं आणि आत ओढून नेतं. काही डोहांपाशी सात आसरांची ठाणी असतात. या आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. त्यांना हळदकुंकू वाहतात आणि त्यांच्या पाण्यात भलत्या वेळी उतरत नाहीत.

आयर्लंडच्या तळ्यांत असतो पाणघोडा. काठावर चरत उभा राहतो. देखणा, चकचकीत अंगाचा. कुणी पोरगा हौसेनं पाठीवर बसला, की घोडा थेट तळ्याच्या तळाशी! त्याचाच एक भाऊबंद म्हणजे पूका. तो कधी काळा घोडा होतो, तर कधी बकरा. नोव्हेंबर उजाडला की पूका रानातल्या जांभळ्या बेरींवर थुंकतो, म्हणून त्यानंतर बेरी खायच्या नाहीत, असं तिथल्या मुलांना सांगत.

आता जरा डोकं चालवा. तळ्याकाठी एकट्या खेळणाऱ्या पाच वर्षांच्या पोराला "पाणी खोल आहे" म्हटलं तर ते ऐकेल? नाही ऐकणार. पण "गिऱ्हा आहे" म्हटलं तर? कुंपण नाही, पाटी नाही, रखवालदार नाही. अशा वेळी गिऱ्हाच रखवालदार झाला. आणि थंडी पडू लागल्यावर उरलेल्या बेरींना बुरशी धरते, त्या खाल्ल्या तर पोट बिघडतं. पूका थुंकला म्हणा की बुरशी आली म्हणा!

नाव घ्यायचं नाही

तुमच्या घरी कधी रात्री सापाचा विषय निघाला आणि आजीनं दटावलंय का, "नाव घेऊ नकोस, लांबडं म्हण"? खेड्यात सापाला 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणतात. पूर्वी देवीचा रोग आला तरी त्याला रोग म्हणत नसत, 'देवी आल्या' म्हणत. अंगात काही शिरलं अशी शंका आली, की हळू आवाजात 'बाहेरचं काही आहे' म्हणतात. नाव घेतलं की ती वस्तू येते, हा त्यामागचा धाक.

आयर्लंडमध्येही अगदी असंच. तिथे मातीच्या उंचवट्यांखाली राहणाऱ्या एका अदृश्य जमातीवर लोकांचा विश्वास होता. इंग्रजीत त्यांना फेअरी म्हणतात. पण हे शब्द ऐकून चित्रातल्या पंखवाल्या, गोड चेहऱ्याच्या पऱ्या डोळ्यांसमोर आणू नका. या मंडळींना राग लवकर येई. दूध नासव, गाय आजारी पाड, लहान मूल पळव, असले त्यांचे उद्योग. म्हणून त्यांना नावानं हाक मारायची नाही. म्हणायचं 'चांगली माणसं'! ऐकत असतील तर खूश होतील.

त्यांच्यातला एक तुमच्या ओळखीचा असेल. हिरवा कोट घालणारा, चामड्याचे जोडे शिवणारा बुटका लेप्रेकॉन. त्याच्याकडे सोन्याचा हंडा लपवलेला असतो. आपल्याकडे पुरलेल्या धनावर समंध पहारा करत बसतो, तसाच हा. फरक एवढाच की लेप्रेकॉन गमत्या आहे आणि समंधाशी गंमत करायची कुणाची छाती होत नाही.

टिटवी का ओरडते?

आयर्लंडमधली सगळ्यांत प्रसिद्ध कोण? बॅन्शी. मोकळ्या केसांची बाई रात्री घराबाहेर आक्रोश करते. तो आवाज ऐकू आला, की त्या घराण्यातलं कुणीतरी जाणार, अशी समजूत. 'ओ' किंवा 'मॅक'नं आडनाव सुरू होणाऱ्या जुन्या घराण्यांना म्हणे तिची खास सोबत असायची.

आपल्याकडे हे काम कुणावर सोपवलंय? बिचाऱ्या टिटवीवर! रात्री टिटवी ओरडली की अपशकुन. पण टिटवीचं घरटं कुठे असतं ठाऊक आहे? झाडावर नाही. उघड्या जमिनीवर चार खडे गोळा करून त्यातच ती अंडी घालते. रात्री कोल्हा, कुत्रा, साप, माणूस, कुणीही जवळ आलं, की ती जिवाच्या आकांतानं ओरडणारच. ती तुमचं मरण सांगत नसते, स्वतःच्या पिलांचं जगणं मागत असते. बॅन्शीच्या किंकाळीमागेही अनेकदा गव्हाणी घुबड असावं असं म्हणतात. या घुबडाचं ओरडणं इतकं कर्कश असतं, की आयरिश भाषेत त्याला 'स्मशानातली किंचाळणारी' अशा अर्थाचं नावच आहे.

घुबडाला आपल्याकडेही अशुभ मानून दगड मारतात. खरं तर एक घुबड शेतातले कितीतरी उंदीर फस्त करतं. भाताच्या कोठाराचा तो फुकटचा राखणदार!

वाघोबा आणि वाघबारस

आता थोडं रानाकडे वळू या. वारली पाड्याच्या बाहेर, झाडाखाली, कधी एखादा दगड तर कधी लाकडाचा खांब दिसतो. त्यावर वाघ कोरलेला. अनेकदा वर चंद्र आणि सूर्य. अंगभर शेंदूर. हा वाघोबा. दिवाळीच्या तोंडावर अश्विन वद्य द्वादशी येते. शहरात आपण तिला वसुबारस म्हणतो आणि गाय-वासराची पूजा करतो. रानात तीच वाघबारस असते! त्या दिवशी वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि सांगतात, बाबा रे, आमची गुरं सांभाळ, आम्हाला सांभाळ.

गुरं मारणाऱ्यालाच गुरं सांभाळायला सांगायचं, हे जरा नवलाचं वाटतं ना? पण नीट विचार करा. वाघ आणि माणूस एकाच रानात राहणार. एकानं दुसऱ्याला संपवायचं, की दोघांनी मिळून काही नियम पाळायचे? वारल्यांनी दुसरा मार्ग धरला. वाघ रानाचा मालक, आपण त्याचे शेजारी. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत फिरून अभ्यासकांनी वाघोबाच्या सुमारे दीडशे ठाण्यांची नोंद केली आणि तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. आज या भागात दिसतो तो बिबट्या. पण गावात त्यालाही वाघच म्हणतात. तानसा अभयारण्यात आजही त्याचा वावर आहे. बिबट्या दिसला की लगेच काठ्या घेऊन धावायचं नाही, ही शिकवण या वाघोबानं दिली, असं त्या अभ्यासकांना आढळलं.

आणि बघा, साधारण याच सुमाराला आयर्लंडमध्ये सॉविन नावाचा सण येतो. ३१ ऑक्टोबरच्या रात्री सुरू होणारा. उन्हाळ्यात माळावर चरायला सोडलेली गुरं परत गोठ्यात आणायचे हे दिवस. या रात्री मेलेले पूर्वज घरी येतात, म्हणून शेकोटी पेटती ठेवायची, दाराला कडी घालायची नाही, अशी रीत होती. आपल्या सर्वपित्री अमावास्येची आठवण झाली ना? आयरिश लोक पोटासाठी अमेरिकेत गेले, तेव्हा सोबत हा सणही घेऊन गेले. तिथे त्याचा झाला हॅलोवीन. भोपळ्याचे भुतासारखे चेहरे कोरायचा तोच तो सण! मूळ आयर्लंडमध्ये भोपळा नव्हता, तिथे सलगमच कोरत.

झाडासाठी रस्ता वळला

आयर्लंडमध्ये एकेकट्या उभ्या असलेल्या काटेरी हॉथॉर्न झाडाला कुणी हात लावत नसे. ते 'चांगल्या माणसां'चं झाड. १९९९ सालची गोष्ट. क्लेअर परगण्यात लाटून नावाच्या जागेवरून मोठा रस्ता जाणार होता आणि मध्ये असं एक झाड येत होतं. एडी लेनिहान नावाचे कथेकरी पुढे आले. जुन्या गोष्टी सांगत फिरणारे, त्या जमवणारे गृहस्थ. त्यांनी वर्तमानपत्रांतून जाहीर सांगितलं, हे झाड तोडू नका. बातमी जगभर गेली. शेवटी आखणीत बदल झाला आणि झाड वाचलं!

तिथे आणखी एक प्रकार आहे. शेतांमधून हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचे मातीचे गोल बंधारे दिसतात. जुन्या शेतकऱ्यांची ती वस्तीची आवारं. देशभरात अशी चाळीस हजारांहून अधिक आहेत. एवढी शिल्लक कशी राहिली? तर ती 'त्यांची' घरं आहेत या समजुतीनं कुणी त्यावर नांगर फिरवला नाही म्हणून. भीतीनं इतिहास राखला!

आपल्याकडे हेच काम देवराईनं केलं. देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली वाळकी फांदीसुद्धा घरी न्यायची नाही, नेली तर देव कोपतो. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा इतरत्र नाहीशी झालेली झाडं आणि वेली तिथे सुखरूप सापडल्या. आज कित्येक ठिकाणी भीती गेली आणि मागोमाग झाडंही गेली. आता तिथे भीतीची जागा समजुतीनं घ्यायला हवी.

राक्षसाचं रक्त

वज्रेश्वरीला आलोच आहोत तर देवीचं दर्शन घेऊ. कथा अशी सांगतात, की इंद्रानं रागानं वज्र फेकलं आणि देवीनं ते गिळून टाकलं, म्हणून ती वज्रेश्वरी. वसईचा किल्ला जिंकावा म्हणून चिमाजी अप्पांनी तिला नवस केला होता. १७३९ साली किल्ला सर झाला आणि हे किल्ल्यासारख्या तटाचं देऊळ उभं राहिलं. जवळच अकलोली, गणेशपुरी इथे नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत. देवीनं मारलेल्या राक्षसांचं रक्त म्हणजे हे ऊन पाणी, अशी दंतकथा आहे.

भूगोलाच्या पुस्तकातली कथाही तितकीच अद्भुत आहे. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल खोल उतरतं. जितकं खोल जावं तितकी जमीन गरम. तिथे ते तापतं, वाटेत खडकांतले क्षार घेतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. कोकणपट्टीत अशा झऱ्यांची रांगच आहे. राक्षसाची गोष्ट ऐकून पाण्यात पाय सोडा आणि भूगोलाची गोष्ट आठवून ते थंड होईपर्यंत विचार करा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात राहू शकतात. त्यांचं भांडण होत नाही.

गोष्ट कुठे थांबवायची?

पण दोस्तांनो, एक ठिकाण असं आहे जिथे भांडण होतं आणि तिथे आपण कुणाची बाजू घ्यायची हे पक्कं ठरलेलं हवं. आईबाबांनो, हा भाग तुम्हीही वाचा.

१८९५ साली आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी नावाची तरुण बाई आजारी पडली. नवऱ्याच्या डोक्यात बसलं, की ही आपली बायको नव्हेच. 'त्यांनी' तिला पळवलं आणि तिच्या रूपात दुसरंच कुणी इथे ठेवलं. ते पळवून लावायच्या नादात त्यानं तिला जाळलं. ब्रिजेट मेली. नवरा तुरुंगात गेला. शेकोटीपाशी ऐकायला मजेची असलेली गोष्ट माणसानं खरी मानली आणि एक जीव गेला.

आपण नाकं मुरडायचं कारण नाही. आपल्याकडेही पाड्यावर कुणाचं मूल दगावलं, गुरं मेली, की एखाद्या एकट्या म्हाताऱ्या बाईला 'भुताळी' ठरवायचं, मारझोड करायची, गावाबाहेर काढायचं, असे प्रकार घडले आहेत. तिचा गुन्हा काय? तिची बाजू घ्यायला कुणी नव्हतं, एवढाच.

आणि दुसरी गोष्ट सापाची. मण्यार नावाचा साप रात्री फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावला तर पुष्कळदा दुखतसुद्धा नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात, बोलता येईना होतं. घरचे म्हणतात, बाहेरचं काही लागलं आणि भगताकडे नेतात. भगताला रानातल्या कितीतरी वनस्पती ओळखता येतात, पाड्याचे सणवार तोच पार पाडतो. त्याचा मान त्याला द्यावा. पण मण्यारीचं विष मंत्रानं उतरत नाही. त्यावर एकच उपाय, प्रतिविषाचं इंजेक्शन. ते सरकारी दवाखान्यात मिळतं आणि प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. म्हणून १०८ क्रमांकाला फोन करायचा, रुग्णाला चालवायचं नाही, जखम कापायची नाही, थेट दवाखाना गाठायचा.

विंचवाचंही तसंच होतं. कोकणातला लाल विंचू चावला की मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी गावात राहून अभ्यास केला आणि १९८०च्या दशकात त्यावर साध्या गोळीचा उपाय जगापुढे मांडला. त्यांनी भुताला शोधलं नाही, विष शरीरात काय करतं ते शोधलं.

अशा प्रश्नांसाठी आयुष्यभर झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं, हा या कायद्यानं गुन्हा आहे. कायदा गोष्ट सांगायला बंदी करत नाही, बरं का. गोष्टीच्या नावानं कुणाला इजा करायला बंदी करतो.

म्हणजे साधा नियम लक्षात ठेवा. गोष्ट ऐकून अंगावर काटा आला तर येऊ द्या. पण तिच्यामुळे कुणाला मार बसणार असेल, कुणाचं औषध चुकणार असेल, तर गोष्ट तिथेच थांबवायची.

आता वही काढा!

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जॅक्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांना एक प्रश्नावली पाठवली होती. तुमच्या गावात कोणती भुतं आहेत, कोणत्या झाडांची पूजा होते, असे प्रश्न. हाच तो नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. त्यानं जमवलेले कागद पुढे एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्यानं संपादित केले आणि १९१५ साली कोकणाचा खंड निघाला. वेताळ, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, हडळ, जखीण, लावसट अशी कोकणातल्या भुतांची हजेरीच त्यात लागली आहे!

पण आयर्लंडनं त्याहून नामी युक्ती केली. १९३५ साली सरकारनं लोककथा जमवण्यासाठी एक मंडळ नेमलं. १९३७ ते १९३९ या काळात मंडळानं काम सोपवलं कुणावर? शाळेतल्या मुलांवर! पाचवी-सहावीतल्या मुलांनी घरी जायचं, आजीआजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारायचं आणि निबंधाच्या वहीत उतरवायचं. सुमारे पाच हजार शाळा आणि पन्नास हजारांहून अधिक मुलं कामाला लागली. झपाटलेली तळी, घरगुती औषधं, खेळ, हवामानाचे ठोकताळे, सगळं वह्यांत आलं. त्या वह्या आजही जपून ठेवल्या आहेत आणि संगणकावर कुणालाही वाचता येतात. २०१७ साली या मंडळाच्या संग्रहाला युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदणीत मान मिळाला. दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या वेड्यावाकड्या अक्षराला केवढी ही दाद!

अंबाडीच्या आसपासही गोष्टी अजून आहेत. पण रस्ते रुंद होतायत, घराघरात वीज आली, हातात मोबाइल आला. गोष्ट सांगणारी माणसं थकत चालली आहेत. दिवा लागला की चकवा जातो, ते बरंच आहे. पण त्याच्याबरोबर त्याची गोष्टही गेली, तर ती परत आणता येणार नाही.

तेव्हा तुमचं गाव कुठलंही असो, अंबाडी, वाडा, सातारा किंवा गोरेगाव, या सुट्टीत एक वही करा आणि मोठ्यांना हे प्रश्न विचारा.

१. आपल्या गावात कोणत्या झाडाला, डोहाला किंवा वळणाला लोक भीत? का?
२. चकवा लागलेलं कुणी तुमच्या ऐकण्यात आहे का? तेव्हा त्यांनी काय केलं?
३. रात्री कोणाचं नाव घ्यायचं नाही? त्याऐवजी काय म्हणायचं?
४. वेशीवर कोणता देव आहे? त्याला कधी आणि काय वाहतात?
५. कोणता पक्षी ओरडला की काय होतं म्हणतात?

पहिल्या पानावर गावाचं नाव, तारीख आणि सांगणाऱ्याचं वय लिहा. शब्द त्यांच्याच बोलीतले ठेवा, पुस्तकी करू नका. शेजारच्या पानावर 'मला काय वाटतं' असं लिहून आपला तर्क मांडा. आणि हो, आजी सांगत असताना मध्येच "असं कुठं असतं का?" म्हणू नका. आधी गोष्ट पुरी होऊ द्या. प्रश्न नंतर विचारा, पण विचारा नक्की!